लिनक्सवर पास, विंडोजवर अधूनमधून फेल होणारी टेस्ट

पवई-अंधेरीच्या ऑफिसांत एकाच टीममध्ये मॅक, लिनक्स, विंडोज अशी सगळी मशीन असतात. मग पायथनची एखादी टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा प्रोग्राम) बाकी सगळीकडे चालते आणि विंडोजवर मधूनच "शून्याने भागाकार" म्हणून पडते. आधी वेळ कशाने मोजलाय ते बघा.

१. टेस्टमध्ये टाइम.टाइम() शोधा. हे भिंतीवरचं घड्याळ, सिस्टीमची वेळ दुरुस्त झाली की मागेही सरकतं. कालावधी मोजायला तिथे टाइम.पर्फ_काउंटर() घाला. पायथन ३.१३ च्या आधी विंडोजवर टाइम.मोनोटॉनिक() (कधीच मागे न सरकणारं घड्याळ) सुद्धा साधारण १५.६ मिलिसेकंदांच्या टप्प्याने पुढे जायचं, त्यामुळे लागोपाठच्या दोन नोंदी सारख्याच येऊन फरक शून्य निघायचा. आपल्या मशीनवरचा टप्पा टाइम.गेट_क्लॉक_इन्फो('मोनोटॉनिक') लगेच दाखवतं (नावं अर्थात रोमन लिपीत टाइप करा).

२. "लागलेला वेळ शून्यापेक्षा जास्त" अशी अट असेल तर "शून्य किंवा जास्त" करा.

३. दुसऱ्या थ्रेडची (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या भागाची) वाट बघायला स्लीप, म्हणजे ठरावीक वेळ नुसतं थांबवणारी आज्ञा, वापरू नका. स्लीपचा आकडा वाढवत नेणं हा उपाय नव्हेच, त्याने बिल्ड (कोड बांधून तपासायची फेरी) तेवढा रेंगाळतो. थ्रेडिंग.इव्हेंट (काम झालं की एका थ्रेडने दुसऱ्याला द्यायची खूण) घ्या आणि त्याच्या वेटला ३० सेकंदांचा ऐसपैस टाइमआउट द्या. काम झाल्याची खूण मिळाली की वेट त्याच क्षणी सुटतो, पूर्ण ३० सेकंद जात नाहीत.

पर्फ_काउंटरचा आकडा फाइलमध्ये किंवा लॉगमध्ये तारीख म्हणून साठवू नका. त्याचा आरंभबिंदू ठरलेला नसतो, फक्त दोन नोंदींतला फरकच खरा.