नवी लिव्हर-अॅक्शन रायफल सदोष निघाल्यास या चुका टाळा

कोऱ्या लिव्हर-अॅक्शन रायफलीत (चापाखालची लिव्हर खाली-वर करून काडतूस चढवायची रायफल) खोट दिसली की नवखा खरेदीदार एक तर कारखान्याच्या नावाने बोटे मोडतो, नाही तर थेट कानस हातात घेतो. खोट नेमकी कुठे आहे हे शांतपणे शोधण्याचे काम मात्र तो क्वचितच करतो.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे कललेली पुढची साइट (नेम धरण्याची खूण) घरच्या घरी सरळ करायला जाणे. या रायफलीची नळी रिसिव्हरमध्ये (यंत्रणा सामावणाऱ्या मधल्या भागात) आट्यांनी बसवलेली असते आणि ती आवळताना किंचित कमी-जास्त फिरली, तर नळीवरची साइट उभी न राहता एका बाजूला झुकते. माझ्या रायफलीची साइट अशीच उजवीकडे झुकलेली होती आणि गोळ्या डावीकडे जात होत्या. मी मागची साइट तिच्या खाचेत उजवीकडे ठोकत राहिलो; अखेरीस ती खाचेबाहेर डोकावू लागली, तरी १०० यार्डांवरचा मार डावीकडेच पडत होता. मग पुढच्या साइटची खाच कानशीने रुंद करण्याचे शहाणपण सुचले. कारखान्याने तपासणीनंतर नळी चुकीची बसल्याचे मान्य केले, पण खाचेला हात लावल्यामुळे वॉरंटी नाकारली. पहिली चूक त्यांची होती, तरी नळी नव्याने बसवण्याचा खर्च मलाच सोसावा लागला. तेव्हापासून मी रायफल रिकामी असल्याची खात्री करून दुकानातच मागून नजर लावतो आणि पुढची साइट रिसिव्हरच्या सपाट बाजूंशी समांतर आहे का ते पाहतो. यास मिनिटभरही लागत नाही. पुढे काही आढळलेच, तर आधी छायाचित्रे, मग कारखान्याला लेखी तक्रार, आणि उत्तर येईपर्यंत कानस-हातोडी पेटीत.

दुसरी चूक जडपणाशी संबंधित आहे. लिव्हर खरखरीत चालते म्हणून पहिल्याच दिवशी आतले भाग पॉलिश पेपरने घासणारे लोक मला समजत नाहीत. काही भागांचा केवळ पृष्ठभागच कठीण केलेला असतो. तो थर घासून गेला की खालचा मऊ धातू लवकर झिजतो, आणि चाप व घोड्याच्या पकडीच्या कडा गोलावल्या तर रायफल धोकादायक होते. माझा शिरस्ता कंटाळवाणा आहे: कारखान्यातले संरक्षक ग्रीस पूर्ण धुऊन काढायचे, घासणाऱ्या जागी थेंबभर तेल द्यायचे आणि रिकाम्या रायफलीची लिव्हर काही संध्याकाळी शेकडो वेळा चालवायची. त्यानंतरही एखादी जागा अडत असेल, तर ते काम गनस्मिथचे (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे) आहे. ज्यांना एवढा धीर नाही, त्यांनी जुनी, आधीच मुरलेली रायफल घ्यावी.

काही वेळा दोष कारखान्याचा नसतोच. लिव्हर अर्धवट ओढली तर काडतूस अडकणारच. ती पूर्ण खाली आणि पूर्ण वर, ठामपणे चालवावी लागते. विंचेस्टर १८९४ किंवा मार्लिन ३३६ मध्ये लिव्हर दस्त्याकडे पूर्ण दाबल्याशिवाय चाप सुटत नाही. ही सुरक्षेची सोय आहे, तरीही ‘चाप मेलेला आहे’ म्हणून रायफल परत करायला निघालेले महाभाग मी पाहिले आहेत. तसेच .३५७ मॅग्नमच्या रायफलीत आखूड .३८ स्पेशल काडतुसे नीट चढत नसतील, तर आधी मॅग्नमची काडतुसे वापरून पाहावीत.

पाचरीसारख्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर वापरू नये, त्याने स्क्रूच्या खाचा फाटतात. समांतर पात्याचाच घ्यावा.

दस्ता आणि रिसिव्हर यांच्यातली फट नुसती दिसायला वाईट असेल तर सोडून द्यावी; दस्ता हलत असेल तर सोडू नये.

पहिल्या गोळीपूर्वी रिकाम्या रायफलीच्या नळीत धातूचा कीस राहिला आहे का ते पाहावे. वापरलेल्या काडतुसांची पुंगळी फुगलेली किंवा चिरलेली दिसली, अथवा प्रायमर (पुंगळीच्या बुडातली, दारू पेटवणारी टोपी) मागे सरकलेला आढळला, तर ‘आणखी एक झाडून बघू’ असे म्हणू नये. रायफल तिथेच रिकामी करून बाजूला ठेवावी आणि हेडस्पेसची (नळीत काडतूस बसण्याच्या जागेच्या लांबीची) मोजणी गनस्मिथकडून करून घ्यावी; त्या पुंगळ्याही जपून ठेवाव्यात, कारण कारखान्याला दाखवायला त्याच लागतात.