भाजल्याचा डाग वर येऊन रायला तर काय करायचं

मांड्याच्या खापरावर माह्या पुतणीचं मनगट भाजलं, जखम भरली पण दीड-दोन महिन्यानं डाग लाल, टणक होऊन वर आला आन् रातभर खाजवे. हळद-चुना काही लावू नका बाप्पा! जखम पूर्ण बंद झाली की मेडिकलातून सिलिकॉन जेल शीट (डागावर चिकटवाची मऊ पट्टी) आणा, दिवसातून 12 तासाच्या वर डागावर ठेवा, रोज साबणानं धुऊन पुन्हा तेच लावा, कमीत कमी 2-3 महिने. वावरात जाताना ऊन लागू नये म्हणून डाग झाका. डाग नरम आन् फिका पडाले वर्षभर लागते, पण बोट किंवा मान आखडत असन तर थांबू नका, एम.सीएच. (सर्जरीतली वरची डिग्री) प्लास्टिक सर्जरी शिकलेल्या डॉक्टरलेच दाखवा. केलॉइड (जखमेच्या हद्दीबाहेर वाढत जाणारा टणक डाग) नुसता कापला तर बरेचदा परत येते, म्हणून आधी स्टेरॉइडच्या इंजेक्शनाचं विचारा.