अल्पाइनवर मेल सर्व्हर टाकताय? या चुका टाळा

अल्पाइन लिनक्स, म्हणजे लिनक्सचा एक अगदी हलका प्रकार, मला मनापासून आवडतं. 1 जीबी रॅमच्या जुन्या मशीनवरसुद्धा पोस्टफिक्स (मेल पाठवणं-घेणं), डव्हकॉट (मेलपेटी) आणि राउंडक्यूब (ब्राउझरमधलं वेबमेल) विनातक्रार चालतात. पण मदत मागायला येणाऱ्यांचा घोळ बहुतेक वेळा इन्स्टॉलच्या पहिल्या दहा मिनिटांतच झालेला असतो. इन्स्टॉलर काय विचारतोय ते न वाचता एंटर दाबत सुटतात.

सेटअपच्या शेवटी अल्पाइन विचारतं, कोणती डिस्क वापरू? तिथे आधीच भरलेलं उत्तर असतं 'नन'. एंटर दाबलं की सिस्टीम डिस्कवर जातच नाही, रॅममध्येच चालते. मेल येतात, जातात. कुणाला शंकाही येत नाही.

सांगलीत माझ्या मित्राच्या छापखान्यात हेच झालं. तीन आठवडे सर्व्हर झकास चालला. लग्नपत्रिकांच्या ऑर्डरी, ग्राहकांनी तपासून पाठवलेली प्रुफं, सगळं त्यावर, आणि सगळे राउंडक्यूबमधूनच मेल बघायचे. एका दुपारी लाईट गेली ती तीन तास आली नाही, यूपीएसनेही मान टाकली. मी पोचलो तेव्हा स्क्रीनवर 'लोकलहोस्ट लॉगिन' एवढंच. रूट टाइप केलं आणि पासवर्ड न विचारता आत घेतलं. पोटात गोळाच आला. पासवर्ड नाही म्हणजे ही कोरी सिस्टीम, लाईटबरोबर रॅममधलं सगळं गेलं. नंतरच्या दोन दिवसांतले मेल तेवढे मिळाले, कारण पाठवणारे सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. पोस्टफिक्स तर 5 दिवस सोडत नाही. त्याआधीच्या प्रुफांसाठी मित्राला एकेका ग्राहकाला फोन करावा लागला.

यावर 'एलबीयू कमिट मारायचं की' असं सांगणारे भेटतात. रॅममधले बदल साठवून ठेवणारी ती कमांड मुळात फक्त ईटीसी हा सेटिंगचा फोल्डर जपते. मेल असतात व्हार फोल्डरमध्ये, ते जातातच. मेल सर्व्हरसाठी डिस्क निवडा आणि 'सिस' मोड घ्या, म्हणजे सिस्टीम थेट डिस्कवर जाते. मी इन्स्टॉल झाल्या झाल्या पेनड्राइव्ह काढतो, व्हारमध्ये एक रिकामी फाइल करतो आणि मशीन रीबूट करतो. फाइल जागेवर दिसली तरच पुढचं पॅकेज.

दुसरी चूक म्हणजे उबुंटूचं ट्युटोरियल उचलून जसंच्या तसं चिकटवणं. अल्पाइनच्या पोस्टफिक्समध्ये बर्कले डीबी हा याद्या साठवायचा डेटाबेस नाही, त्यामुळे सेटिंगमधल्या 'हॅश' लिहिलेल्या ओळी चालत नाहीत. लॉगमध्ये 'अनसपोर्टेड डिक्शनरी टाइप' येतं. तिथे एलएमडीबी (दुसरा तसाच डेटाबेस) लिहा आणि याद्या नव्याने बनवणारी पोस्टमॅप कमांड पुन्हा चालवा. एलियास (टोपणपत्त्यांच्या) फाइललाही एलएमडीबीच, फक्त तिथे पोस्टमॅपऐवजी न्यूएलियासेस चालवा. एक ओळ वाचली तर कळतं, पण लोक लॉग न उघडता सगळं पुसून पुन्हा इन्स्टॉल करतात आणि संध्याकाळी तिथेच येऊन अडकतात. मेल लॉग नावाची वेगळी फाइल शोधू नका. अल्पाइनवर सगळं मेसेजेस फाइलमध्ये जातं. उबुंटूत सर्व्हिस सांभाळणारं सिस्टिमडीही इथे नाही. सर्व्हिस आरसी-अपडेट कमांडने डिफॉल्ट रनलेव्हलला (मशीन सुरू होताना चालणाऱ्या यादीला) जोडली नाही, तर रीबूटनंतर ती उठणार नाही.

राउंडक्यूबचं पॅकेज सापडत नसेल तर पॅकेज कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या फाइलमधली कम्युनिटी रिपॉझिटरीची ओळ बंद असेल, तिच्या सुरुवातीची हॅश खूण (#) काढा.

मेल बाहेर जातच नसेल तर आधी पोर्ट 25 तपासा, सर्व्हर एकमेकांना मेल त्यावरूनच देतात. बरेच होस्टिंगवाले ते बंद ठेवतात.

रिव्हर्स डीएनएस, म्हणजे आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद, तुमच्या डोमेनच्या पॅनेलमधून होत नाही, आयपी ज्याचा त्यालाच सांगावं लागतं. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलला रिव्हर्स डीएनएस आणि एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी) लागतंच. मी तिन्ही रेकॉर्ड आदल्या दिवशी टाकतो आणि दुसऱ्या दिवशीच पहिला मेल पाठवतो. घाईत पाठवलेले मेल स्पॅममध्ये पडतात, आणि आयपीचं नाव एकदा खराब झालं की सुधारायला फार दिवस लागतात.

राउंडक्यूबचा इन्स्टॉलर काम झालं की लगेच बंद करा. आणि 1.6.11 पेक्षा जुनं 1.6 चालवत असाल तर आजच अपडेट करा. जून 2025 मध्ये जी त्रुटी बुजवली, तिच्यातून लॉगिन असलेला कुणीही सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकत होता. अल्पाइनची आवृत्ती बदललीत तर राउंडक्यूबचा कोड चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमच्या सर्व्हिसचं नावही बघा. त्यात आवृत्तीचा आकडा असतो, आणि वेबमेलवर 502 ही एरर दिसण्याचं कारण बहुधा तोच.