तिघांच्या रॉक बँडने पहिला पूर्ण अल्बम कसा काढावा

गिटार, बास आणि ड्रम्स एवढ्यावर रॉक संगीत उभे राहू शकते, हे ‘क्रीम’ आणि ‘द जिमी हेंड्रिक्स एक्सपीरियन्स’ या १९६६ मध्ये स्थापन झालेल्या दोन त्रिकुटांनी ठळकपणे दाखवून दिले. ‘निर्वाणा’चा १९८९ मधील पहिला अल्बम तर सुमारे ६०० डॉलरमध्ये ध्वनिमुद्रित झाला आणि ध्वनिमुद्रकाने त्यासाठी लावलेला वेळ जेमतेम तीस तासांचा होता. या आकड्याचे कौतुक फार होते, पण त्यामागचे कारण क्वचितच सांगितले जाते: वाजवणारे गाणी पक्की करून आले होते. कंपनीचा आधार नसलेल्या बँडला जो निर्णय सरावाच्या खोलीत फुकट घेता येतो, तोच स्टुडिओत तासाच्या भाड्याने आणि मिक्सिंगच्या, म्हणजे सर्व वाद्यांचे आवाज एकत्र जुळवण्याच्या, टप्प्यावर दुप्पट मनस्तापाने घ्यावा लागतो. म्हणून पुढील पायऱ्यांमध्ये सर्वाधिक भर ध्वनिमुद्रणाच्या आधीच्या कामावर दिला आहे.

पायरी १ : गाणी निवडा आणि लांबी ठरवा

बहुतेक स्ट्रीमिंग सेवा सात किंवा अधिक गाणी असलेल्या, अथवा एकूण तीस मिनिटांहून मोठ्या संग्रहाला अल्बम मानतात. त्याहून लहान संग्रह ईपी (अल्बमपेक्षा छोटा संग्रह) किंवा अगदी मोजक्या गाण्यांचा असल्यास सिंगल ठरतो. व्हिनाइल, म्हणजे ग्रामोफोनची तबकडी, काढण्याचा विचार असेल, तर दुसरी मर्यादा अधिक कडक आहे. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण वीस ते बावीस मिनिटांचे संगीत चांगल्या आवाजात बसते. त्याहून जास्त कोंबल्यास खाचा अरुंद होतात आणि आवाजाची पातळी खाली आणावी लागते. त्यामुळे पस्तीस ते चाळीस मिनिटे हे पहिल्या अल्बमसाठी समंजस लक्ष्य आहे, आणि रॉक त्रिकुटाच्या बाबतीत ते ऐकणाऱ्याच्या कानांनाही मानवते.

जितकी गाणी अल्बममध्ये घ्यायची, त्यापेक्षा दोन-तीन अधिक तयार ठेवावीत आणि सर्वांचा एक तक्ता करावा: वेग, पट्टी, लांबी, गाण्याची सुरुवात कोणत्या वाद्याने होते आणि गिटारचा आवाज स्वच्छ आहे की डिस्टॉर्शनचा, म्हणजे मुद्दाम फाटल्यासारखा केलेला. तीनच वाद्ये असल्यामुळे एकसुरीपणाचा धोका या बँडांना सर्वाधिक असतो, आणि एकेक गाणे सुटे ऐकताना तो लक्षात येत नाही. तक्त्यात सलग चार गाणी एकाच पट्टीत, एकाच वेगात आणि गिटारच्याच सुरुवातीने आलेली दिसली, की त्यांतील कोणते गाणे वगळायचे किंवा कोणाची पट्टी बदलायची, याची चर्चा आपोआप सुरू होते.

पायरी २ : पैशाचे आणि हक्कांचे लेखी ठरवा

ध्वनिमुद्रित गाण्यात दोन स्वतंत्र हक्क असतात: एक रचनेचा, म्हणजे शब्द व चाल यांचा, आणि दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. दोन्हींचे उत्पन्न वेगवेगळ्या वाटांनी येते, म्हणून दोन्हींची वाटणी वेगवेगळी लिहावी लागते. ध्वनिमुद्रणाचा हक्क खर्च करणाऱ्या तिघांकडे समान ठेवणे सरळ असते. वाद होतो तो रचनेवर, कारण एक जण शब्द व चाल घेऊन येतो आणि उरलेले दोघे त्याला आकार देतात. ‘आर.ई.एम.’सारख्या बँडने रचनेचे श्रेय सर्व सदस्यांना समान दिले होते. तिघांच्या बँडसाठी हीच पद्धत मला अधिक टिकाऊ वाटते, कारण ज्या ड्रमरला रचनेत वाटाच नाही, त्याने सहा महिने गाणी घासत बसावे अशी अपेक्षा करणे कठीण आहे.

त्याच कागदावर बँडच्या नावाचा हक्क कोणाकडे आहे, एखादा सदस्य बाहेर पडला तर त्याला आधीच्या अल्बमचे उत्पन्न मिळत राहणार की नाही, आणि कोणी किती रक्कम घातली, हे लिहून तिघांनी सह्या कराव्यात. निर्माता, पाहुणे वादक आणि मुखपृष्ठाचा चित्रकार यांच्याशीही मोबदला व हक्क यांबाबत काम सुरू होण्यापूर्वीच लेखी ठरवावे. दुसऱ्याचे गाणे स्वतःच्या पद्धतीने वाजवून अल्बममध्ये घ्यायचे असेल, तर त्याच्या रचनेचा परवाना लागतो, आणि तो मिळण्यास वेळ लागू शकतो.

पायरी ३ : सरावाच्या खोलीत अल्बम पूर्ण करा

प्रत्येक गाणे फोनवर नोंदवून दुसऱ्या दिवशी ऐकावे. वाजवताना जो वेग उत्साहाचा वाटतो, तो ऐकताना बहुधा घाईचा निघतो. म्हणून योग्य वेग मेट्रोनोमवर, म्हणजे ठरलेल्या वेगाने ठोके देणाऱ्या यंत्रावर, शोधून तक्त्यात लिहून ठेवावा. गायकाला त्या पट्टीत सलग पाच-सहा टेक (ध्वनिमुद्रणाचे प्रयत्न) देता येतील का, हेही याच वेळी पाहावे, कारण मंचावर एकदा लागलेला वरचा सूर स्टुडिओत दिवसभर लागेलच असे नाही.

त्रिकुटापुढचा खरा प्रश्न गिटारच्या सोलोचा असतो. दोन गिटारवादकांच्या बँडमध्ये एक जण सोलो वाजवत असताना दुसरा कॉर्ड धरून ठेवतो. तिघांच्या बँडमध्ये मात्र सोलो सुरू होताच कॉर्डचा संपूर्ण थर नाहीसा होतो आणि गाणे नेमके उंचीवर जायचे तेव्हा पोकळ होते. यावर तीन मार्ग आहेत. बासवादक एकेरी सुरांऐवजी दोन सुरांच्या जोड्या वाजवू शकतो किंवा त्या भागापुरते बासवर डिस्टॉर्शन लावू शकतो. ड्रमर हाय-हॅट या पायाने मिटणाऱ्या झांजजोडीवरून राइड या मोठ्या, घुमणाऱ्या झांजेवर जाऊन वरचा पट्टा भरू शकतो. तिसरा आणि सर्वांत सोपा मार्ग म्हणजे स्टुडिओत कॉर्डची जादा गिटार वरून वाजवून घेणे, म्हणजेच ओव्हरडब. या तिसऱ्या मार्गात गैर काही नाही, पण तो प्रत्येक गाण्यात वापरला की अल्बममध्ये चौथा वादक असल्याचा भास होतो आणि मंचावर तीच गाणी अर्धवट वाटू लागतात.

म्हणून ओव्हरडबबाबत अल्बमपुरते एक धोरण ठरवावे. उदाहरणार्थ, प्रत्येक गाणे आधी तिघांनी वाजवून उभे राहिले पाहिजे, आणि नंतरची भर आवाज जाड करण्यापुरतीच असावी. जे गाणे जादा थरांशिवाय उभेच राहत नाही, त्याची मांडणी अजून पूर्ण झालेली नाही असे समजून ते पुन्हा सरावात घ्यावे. पोकळी हा दोष नसतो, हेही ध्यानात ठेवावे. बास आणि ड्रम्स यांच्यामधील मोकळी जागा ऐकू येणे हेच तर त्रिकुटाचे वैशिष्ट्य आहे, आणि ती भरून काढण्याची घाई अनेकदा निर्मात्यापेक्षा गिटारवादकालाच अधिक असते.

पायरी ४ : ध्वनिमुद्रण

पैसे मर्यादित असतील तर ते ड्रम्ससाठी चांगल्या खोलीवर खर्च करावेत. बास, जादा गिटार आणि गायन साध्या पण शांत खोलीत नंतर घेता येतात. वाईट खोलीत घेतलेले ड्रम्स मात्र पुढे कोणीही सुधारू शकत नाही. ड्रम्सना नवीन चामडी बसवून ती नीट लावून घ्यावीत, गिटार व बासच्या तारा एक-दोन दिवस आधी बदलाव्यात आणि पडद्यांवरील सूर तपासून घ्यावेत.

शक्य असल्यास तिघांनी एकत्र वाजवावे. ॲम्प्लिफायर दुसऱ्या खोलीत ठेवून, हेडफोनवर एकमेकांना ऐकत आणि एकमेकांकडे पाहत वाजवले, तर ड्रम्सच्या माइकमध्ये गिटार शिरत नाही आणि एकत्र वाजवण्यातील ताणही टिकतो. क्लिक, म्हणजे हेडफोनमधील मेट्रोनोमचा ठोका, लावायची की नाही हे गाण्यागणिक ठरवावे. मुखड्यात थोडा पुढे धावणारा वेग हा ज्या गाण्याचा प्राण आहे, त्याला क्लिकमध्ये बांधण्याचे कारण नाही. मात्र वेगवेगळ्या टेकमधील तुकडे जोडण्याची शक्यता असेल, तर क्लिक असलेली बरी.

ड्रम्सवर अनेक माइक असले की एकच आवाज प्रत्येकापर्यंत वेगवेगळ्या वेळी पोहोचतो, कारण ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर अंतर कापतो. या फरकामुळे काही कंपने एकमेकांना खोडून काढतात आणि स्नेअर, म्हणजे संचातील कडक आवाजाचा मुख्य ड्रम, पातळ वाटतो. ड्रम्सच्या वर टांगलेले दोन्ही माइक स्नेअरच्या मध्यापासून दोरीने मोजून समान अंतरावर ठेवणे हा त्यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. बास एकाच वेळी थेट तारेनेही घ्यावा आणि ॲम्प्लिफायरसमोरील माइकनेही घ्यावा, म्हणजे मिक्सिंगमध्ये दोन्हींचे प्रमाण ठरवता येते. गिटारवरील डिस्टॉर्शन मंचावरच्यापेक्षा थोडे कमी ठेवावे. एकट्याने ऐकताना ते कमी भासले, तरी बास आणि ड्रम्ससोबत तेच अधिक भरदार वाटते.

ध्वनिमुद्रण २४ बिट आणि ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झवर करावे, पातळीत भरपूर मोकळी जागा ठेवावी आणि दररोज काम संपताच सर्व फायलींच्या प्रती किमान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवल्याशिवाय कोणी घरी जाऊ नये.

पायरी ५ : मिक्सिंग

मिक्सिंग करणाऱ्याकडे प्रत्येक ट्रॅकची, म्हणजे स्वतंत्रपणे घेतलेल्या प्रत्येक आवाजाची, डब्ल्यूएव्ही फाइल गाण्याच्या आरंभबिंदूपासून सुरू होणारी, स्पष्ट नाव दिलेली आणि सोबत कच्चे मिक्स व वेगाची नोंद असलेली अशी पाठवावी. तिघांची मते एकत्र करून ती एकाच व्यक्तीने लेखी कळवावीत, नाहीतर बासवादक बास वाढवायला सांगतो, ड्रमर ड्रम्स वाढवायला सांगतो आणि गायन कुठे गेले हे कोणालाच कळत नाही.

गिटार मध्यभागी एकच ठेवायची की डावी-उजवीकडे दोन, हा निर्णय अल्बमचा चेहरा ठरवतो. दोन हव्या असतील तर तोच भाग दोनदा वाजवावा. एकाच टेकची नक्कल दोन्हीकडे ठेवल्याने आवाज रुंद होत नाही, केवळ मोठा होतो. मिक्स कमी आवाजात आणि मोनोमध्ये, म्हणजे डावे-उजवे एकत्र करून, ऐकून पाहावे.

पायरी ६ : मास्टरिंग आणि क्रम

मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवर फिरवायचा अखेरचा हात, शक्यतो मिक्स करणाऱ्याखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून करून घ्यावे, कारण तोपर्यंत इतरांचे कान त्या गाण्यांना सरावलेले असतात. केवळ मोठ्या आवाजाच्या हव्यासापायी ड्रम्सचे ठोके दाबून टाकू नयेत. स्ट्रीमिंग सेवा गाण्यांची पातळी आपणहून समान करतात. स्पॉटिफायवर ती नेहमीच्या सेटिंगमध्ये सुमारे उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या पातळीचे एकक) असते, म्हणजे त्याहून मोठे केलेले गाणे तिथे खाली आणले जाते आणि दाबल्याचे नुकसान तेवढे शिल्लक राहते. व्हिनाइलसाठी वेगळा मास्टर मागावा, ज्यात खोल सूर मध्यभागी असतील आणि ‘स’सारखे कर्कश उच्चार आवरलेले असतील.

क्रम लावताना व्हिनाइलचा आणखी एक गुण आड येतो. तबकडीच्या आतल्या भागात त्याच वेळात कमी लांबीची खाच वाचली जाते, त्यामुळे तिथे तीव्र आवाज फाटण्याची शक्यता वाढते. प्रत्येक बाजूचे शेवटचे गाणे म्हणूनच तुलनेने शांत असलेले चांगले. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक लागतो; तो डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे गाणी स्ट्रीमिंग सेवांपर्यंत पोहोचवणारी कंपनी, देऊ शकतो किंवा देशातील नोंदणी संस्थेकडून घेता येतो.

पायरी ७ : तारीख ठरवा आणि उलटे मोजा

मास्टर हाती आल्याशिवाय तारीख जाहीर करू नये. नवे संगीत जुलै २०१५ पासून जगभर शुक्रवारी प्रकाशित करण्याची पद्धत आहे, पण स्वतंत्र बँडला ती बंधनकारक नाही. मोठ्या नावांच्या गर्दीत न पडता मधला वार निवडण्यातही शहाणपण असू शकते. व्हिनाइल तयार होण्यास काही महिने लागतात, आणि नमुना तबकडी ऐकून मान्य करेपर्यंत सर्व काही अनिश्चित असते. व्हिनाइल अल्बमसोबतच हवे असेल, तर प्रकाशनाची तारीख त्याच्या तयारीवरूनच ठरते.

डिस्ट्रिब्यूटरकडे गाणी, श्रेयनामावली आणि मुखपृष्ठाचे चौरस चित्र, साधारणपणे ३००० बाय ३००० पिक्सेलचे, किमान चार आठवडे आधी द्यावे. स्पॉटिफायच्या संपादकांकडे अप्रकाशित गाणे सुचवायचे असेल, तर ते प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी सुचवावे लागते आणि एका वेळी एकच गाणे पाठवता येते, म्हणून ते कोणते असेल हे तिघांनी आधीच ठरवून ठेवावे. अल्बमपूर्वी दोन-तीन गाणी सुटी काढली असतील, तर अल्बममध्ये त्यांचे तेच आयएसआरसी वापरावेत, म्हणजे आधी मिळालेली ऐकण्यांची संख्या सहसा कायम राहते. बँडचे नाव आणखी कोणी वापरत नाही ना, हेही तपासावे. अन्यथा आपला अल्बम दुसऱ्याच कोणाच्या पानावर जाऊन बसतो आणि तो तिथून हलवून घेण्यात प्रकाशनाचा आठवडा जातो.

स्पॉटिफायवर २०२४ पासून मागील बारा महिन्यांत किमान १००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचा मोबदलाच मिळत नाही. पहिल्या अल्बमच्या उत्पन्नासाठी त्यामुळे थेट विक्रीवर अधिक विसंबावे. बँडकॅम्प हे थेट विक्रीचे संकेतस्थळ डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के घेते, व्यवहाराचे शुल्क वेगळे. शिवाय खरेदीदारांशी पुढेही संपर्क ठेवता येतो. सीडी किंवा तबकड्या किती छापायच्या हे कार्यक्रमांना प्रत्यक्ष येणाऱ्यांच्या संख्येवरून ठरवावे.

पायरी ८ : नोंदणी आणि प्रकाशनानंतरचे काम

अल्बम बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येक रचना आपल्या देशातील हक्कवसुली संस्थेकडे पायरी २ मधील वाटणीनुसार नोंदवावी. संस्था, डिस्ट्रिब्यूटर आणि छापील वेष्टन या तिन्हींवर गाण्यांची नावे व सदस्यांच्या नावांची अक्षरे तंतोतंत सारखी असली पाहिजेत, कारण त्यातील एका अक्षराच्या फरकानेही मोबदला अडकू शकतो.

प्रकाशनाच्या दिवशी प्रत्येक सेवेवर अल्बम स्वतः उघडून गाण्यांचा क्रम, श्रेय आणि दोन गाण्यांमधील अंतर तपासावे. पहिल्या महिन्यात मंचावर अल्बममधील सर्व गाणी निदान एकदा तरी वाजवून पाहावीत आणि कोणत्या गाण्यानंतर लोक विक्रीच्या टेबलाकडे वळतात, हे टेबलावर बसणाऱ्याने लिहून ठेवावे. पुढचे सुटे गाणे म्हणून कोणाचा व्हिडिओ करायचा, हे त्या नोंदीवरून ठरवता येते.