छोट्या पिस्टन विमानाचं इंजिन सुरू करताना काय बघायचं

प्रोपेलरजवळ जायच्या आधी चावी काढून समोर डॅशवर ठेवा, बाहेरून दिसेल अशी, आणि तरीही पंखा कधीही फिरेल असंच धरून चाला. मॅग्नेटोला (इंजिनाच्या फिरण्यावरच प्लगला ठिणगी देणारं यंत्र, इंजिनावर असे दोन असतात) बॅटरी लागत नाही, त्याला बंद करणारी ग्राउंड वायर तुटलेली असली तर स्विच ऑफ असूनही हाताने पंखा थोडा फिरवला तरी इंजिन उचलू शकतं.

मग फ्युएल सॅम्पल, म्हणजे टाकीतलं थोडं इंधन कपात काढून बघणं, आणि इथे अजिबात घाई नको. १००एलएल (या विमानांचं शिसं असलेलं पेट्रोल) निळं असतं, पाणी जड म्हणून कपाच्या तळाला वेगळा थेंब होऊन बसतं, पण अख्खा कपच पाण्याने भरला तर मधली रेषच दिसत नाही आणि सगळं कसं स्वच्छ वाटतं, म्हणून कप पांढऱ्या रंगासमोर धरा, निळं दिसतंय का बघा, वासही घ्या. पाणी निघालं तर पुन्हा काढा, निघायचं थांबेपर्यंत. सेस्ना १७२एस या चार सीटच्या विमानाला इंधन काढून बघायचे असे १३ ड्रेन आहेत, सगळे करायचे, दोन-तीन करून उठायचं नाही.

ऑइल डिपस्टिकवर बघा (१७२एसला ५ क्वार्टच्या (एक क्वार्ट म्हणजे लिटरपेक्षा थोडं कमी) खाली उडायचं नाही), काउलिंगमध्ये (इंजिनावरचं झाकण) पक्ष्याचं घरटं नाही ना तेही.

स्टार्ट करताना खिडकीतून "क्लिअर प्रॉप" (पंख्यापासून दूर व्हा) ओरडा आणि जरा थांबा, कोणी असेल तर त्याला बाजूला व्हायला वेळ मिळाला पाहिजे. इंजिन लागलं की १००० आरपीएमच्या आसपास ठेवा आणि नजर ऑइल प्रेशरवर, ३० सेकंदांत काटा हलला नाही तर सरळ बंद करा, थंडी कडक असेल तर थोडा जास्त वेळ लागतो.

रनअपला, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीला, १७२एसमध्ये १८०० आरपीएम ठेवून एकेक मॅग्नेटो बंद करून बघायचा, एकाच मॅग्नेटोवर आरपीएम १५० पेक्षा जास्त पडता कामा नये आणि दोघांमधला फरक ५० च्या आत हवा. नवीन लोकांना एक गोष्ट कळकळीने सांगतो, आरपीएम अजिबातच पडला नाही तर खूश होऊ नका, जो मॅग्नेटो बंद केला तो बंदच होत नसेल, म्हणजे पुन्हा तीच ग्राउंड वायर. आणि खूप पडून इंजिन खडखडायला लागलं तर बऱ्याचदा प्लगवर शिसं बसलेलं असतं, दोन्ही मॅग्नेटोवर आणून मिक्श्चर लीन करा (हवेच्या मानाने इंधन कमी करा), थोडा वेळ चालवा, परत चेक करा. माझा एकदा असाच दुसऱ्या खेपेला साफ झाला. नाही झाला तर विमान पार्किंगला परत न्यायचं आणि मेकॅनिकला बोलवायचं.