रंगाला धक्का न लावता गाडीवरचं जुनं रेडियम कसं काढावं

सेकंडहँड गाडी घेतली की आधीच्या मालकाचं आडनाव, गाव, दैवत आणि पोरांची नावं सोबत येतात. मागच्या काचेवर ‘श्री सिद्धेश्वर प्रसन्न’, दारांवर वाळलेले पट्टे, टाकीवर कुणाचं तरी टोपणनाव. कोपऱ्यावरच्या दुकानात हे दहा मिनिटांत काढून देतात खरं, पण ब्लेड आणि थिनरने, आणि गाडीचा रंग जातो तो तिथेच. घरी केलं तर सकाळ मोडते, एवढंच.

हात लावण्याआधी एक गोष्ट ठरवा : खालचा रंग कंपनीचा आहे की गॅरेजमध्ये मारलेला? कंपनीत पत्र्यावरचा रंग साधारण १४० अंशांच्या भट्टीत भाजतात, त्यामुळे तो ऊब आणि थोडंफार टर्पेंटाइन सहज सोसतो. डेंटिंग-पेंटिंगवाल्याचा रंग हवेवर किंवा फार तर ६० अंशांच्या आसपास सुकवलेला असतो. त्याची पकड कमी असेल तर रेडियमबरोबर पापुद्रा उठतो. ओळखायचं कसं? दाराच्या रबरावर, बीडिंगवर रंगाचे शिंतोडे आहेत का बघा. शेजारच्या दोन पत्र्यांची छटा उन्हात ताडून बघा. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा. एखाद्या जागी तो ढिला पडला तर खाली पुट्टी भरलेली आहे. अशा जागेवरचं रेडियम सगळ्यात शेवटी घ्या, आणि रंग उठतोय असं दिसताच थांबा.

बाइकवाल्यांनी अजून एक तपासावं. टाकीवरच्या कंपनीच्या ग्राफिक्सच्या कडेवरून नख फिरवा. कड लागलीच नाही, तर ते लॅकरच्या, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराच्या, खाली आहे. ते निघणार नाही. काढायचं तर टाकीच रंगवावी लागेल. नाद सोडा.

आता वेळ. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४० च्या वर जातो आणि उभ्या गाडीच्या पत्र्यावर हात ठेववत नाही. ऊन आहे म्हणून फुकटची ऊब मिळेल असं वाटतं, पण एवढ्या तापलेल्या पत्र्यावर गोंद पातळ होतो, रेडियम निघतं आणि गोंद तसाच मागे राहतो. शिवाय टर्पेंटाइन लावताच उडून जातं. उन्हाळ्यात सकाळी लवकर, सावलीत करा. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराचं, जानेवारीतलं कोवळं ऊन मात्र या कामाला उत्तम.

नळाला पाणी येईल त्या दिवशी गाडी शाम्पूने धुऊन घ्या. बोअरचं जड पाणी पत्र्यावर वाळलं की पांढरे डाग पडतात, म्हणून लगेच पुसा. धुणं टाळू नका : रेडियमच्या कडेला बसलेली धूळ फडक्याखाली सापडली की पॉलिशपेपरचं काम करते.

मग ऊब द्या. केस वाळवायचा ड्रायर पुरतो. चार बोटांवर धरा आणि सतत हलवत राहा. पत्रा गरम लागावा, पण तळहात दोन-चार सेकंद टेकवता यावा. हीटगन घेत असाल तर जपून, तिच्या तोंडाशी कित्येकशे अंशांची हवा निघते. स्कूटरचे साइड पॅनेल, बंपर, मडगार्ड हे प्लास्टिकचे भाग तिने वाकडे होतात. ड्रायर नसेल तर जुना सोलापुरी टॉवेल गरम पाण्यात पिळून रेडियमवर पाच मिनिटं दाबून ठेवा. जाड सुताचा असल्याने तो ऊब चांगली धरतो.

कोपरा नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाने उचला. स्क्रूड्रायव्हर, सुरी, ब्लेड पत्र्याजवळही नको. कोपरा सुटला की रेडियम सरळ वर ओढू नका; त्याच्याच अंगावर दुमडून, पत्र्याला लागून मागे ओढत न्या. सावकाश. हिसका दिला की ते तुटतं आणि गोंद खाली राहतो. पुढचा भाग तापवत, मागचा ओढत चला. वर्षानुवर्षं उन्हात राहिलेलं चमकणारं रेडियम मात्र टिकल्या-टिकल्या होऊन निघतं. तिथे चिडून उपयोग नाही. एकेक तुकडा तापवायचा.

उरलेल्या गोंदासाठी आधी खोबरेल तेल चोळून अर्धा तास ठेवा. नाही निघाला तर रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन फडक्यावर घेऊन पुसा, पण आधी दाराच्या आतल्या कडेला लावून बघा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर लगेच थांबा. थिनर रंगच विरघळवतो. पेट्रोल भडका घेतं. ड्रायर आणि बाटली एकाच वेळी बाहेर नकोच, टर्पेंटाइनचीसुद्धा. काम झालं की शाम्पूने पुन्हा धुवा.

काचेवर बाहेरून ओल्या काचेला ब्लेड चालतं. मागच्या काचेच्या आतल्या बाजूला मात्र डीफॉगरच्या, म्हणजे काच तापवून धुकं घालवणाऱ्या, बारीक रेषा असतात, ब्लेड लागलं की त्या तुटतात. देवाचं नाव काढताना घरातली वडीलधारी कुरकुरतील. आधी विचारून घेतलेलं बरं. टेम्पो, ट्रकवाल्यांनी समोरची पांढरी, बाजूची पिवळी आणि मागची लाल परावर्तक पट्टी काढू नये. ती नियमाने लागते. जीर्ण झाली असेल तर नवी लावावी.

शेवटी राहतं ते भूत : रेडियम निघालं तरी अक्षरं दिसतात, कारण झाकलेला रंग ताजा आणि भोवतालचा उन्हाने विटलेला. भोवतालच्या भागावर रबिंग कंपाउंड (विटलेला वरचा थर घासून काढणारी पेस्ट) मऊ फडक्याने हलक्या हाताने फिरवा. पत्र्याच्या धारांवर रंग पातळ असतो, तिथे जोर नको. मग वॅक्स. चंदेरी, पांढऱ्या गाडीवर फरक बहुतेक मिटतो. जुन्या लाल गाडीवर कंपाउंडनेही पुरता मिटेलच असं नाही. अशा वेळी पूर्ण दार रंगवण्याचा खर्च करण्यापेक्षा त्याच मापाचा साधा पट्टा वरून लावून घ्यावा, हे माझं मत.