साहेबांचा बोनस आणि आपलं मानधन: कंपनीच्या रिपोर्टमधून स्वतः हिशोब कसा काढायचा

सिरीयल लिहिणारे, एडिटर, व्हीएफएक्सवाले, डबिंग आर्टिस्ट, इलस्ट्रेटर, कुठल्याही ग्रुपवर जा, दरवर्षी अॅन्युअल रिपोर्टचा सीझन आला की एक स्क्रीनशॉट फिरतोच, अमक्या मीडिया कंपनीच्या साहेबांना इतके कोटी मिळाले आणि आपलं तीन महिन्यांचं बिल अजून अडकलंय. राग अगदी बरोबर आहे, पण स्क्रीनशॉट घेऊन कोणाशी रेटबद्दल बोलता येत नाही, त्यासाठी आकडा कुठून आला, त्यात काय धरलंय आणि कोणाला धरलंच नाहीये हे माहीत पाहिजे. हे सगळं फुकटात बघता येतं आणि एका संध्याकाळी जमतं, म्हणून नीट लिहितोय.

आधी कंपनी लिस्टेड आहे का, म्हणजे तिचे शेअर्स शेअर बाजारात विकले जातात का बघा. असेल तर तिच्या साइटवर इन्व्हेस्टर्सच्या सेक्शनमध्ये किंवा बीएसई-एनएसईच्या साइटवर अॅन्युअल रिपोर्टची पीडीएफ मिळते. तीनशे-चारशे पानं बघून घाबरू नका, सगळी वाचायची नाहीयेत. पीडीएफमध्ये मीडियन हा शब्द इंग्रजीत टाकून सर्च मारा, बोर्डाच्या रिपोर्टला जोडलेल्या एका परिशिष्टात तो सापडतो. कंपनी कायदा 2013 चं कलम 197 आणि त्याखालचे 2014 चे नियम असं सांगतात की प्रत्येक डायरेक्टरचा मोबदला कर्मचाऱ्यांच्या मीडियन पगाराच्या किती पट आहे हे लिस्टेड कंपनीने छापायचंच. मीडियन म्हणजे सगळ्यांचे पगार चढत्या क्रमाने लावले की बरोबर मधोमध येतो तो. त्याच पानावर यंदा साहेबांचा मोबदला किती टक्के वाढला आणि मीडियन किती टक्के वाढला हेही असतं, आणि मला विचाराल तर पटीपेक्षा ही दोन टक्केवारी जास्त बोलते, कारण पट बिझनेसप्रमाणे बदलते पण एका वर्षात एकाला किती आणि बाकीच्यांना किती हे लपत नाही. मात्र एकच वर्ष बघू नका, चार-पाच वर्षांचे रिपोर्ट शेजारी ठेवा, आणि नफा घसरला त्या वर्षी बोनसचं काय झालं ते आवर्जून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हा मीडियन कंपनीच्या पगारपत्रकावरच्या माणसांचा असतो. एपिसोडवर पैसे घेणारा लेखक, दिवसावर काम करणारा एडिटर, प्रोजेक्टपुरता घेतलेला अॅनिमेटर यातले जवळजवळ कोणीच त्यात नसतात, कारण आपण त्यांचे कर्मचारी नाही, व्हेंडर आहोत, आणि बऱ्याचदा तेही नाही, मध्ये प्रॉडक्शन हाऊस असतं. चॅनेल प्रॉडक्शन हाऊसला एपिसोडमागे पैसे देतं आणि त्यातून आपलं मानधन निघतं. म्हणजे ज्यांच्या कामावर कंपनी चालते त्यांनाच सोडून ती पट काढलेली असते. कायद्याप्रमाणे बरोबर, पण आपल्यासाठी अपुरी. म्हणून आपली पट आपणच काढायची.

समजायला काल्पनिक आकडे घेऊ. साहेबांना वर्षाला 12 कोटी आणि मीडियन 8 लाख असेल तर छापलेली पट 150 येईल. तुम्ही फ्रीलान्स एडिटर आहात, दिवसाला 4,000 घेता, महिन्यात सरासरी 15 दिवस काम मिळतं, म्हणजे वर्षाचे 7 लाख 20 हजार. त्यातून मशीन, सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क, मेडिक्लेम हे सगळं खिशातून जातं, ते 1 लाख 20 हजार धरा, राहिले 6 लाख, आणि पट झाली 200. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी सुट्टी नाही, ते अजून धरलेलंच नाहीये. स्वतःचे आकडे टाकताना जिथे काम केलं ते सगळे दिवस धरा, पिचिंगचे, करेक्शनचे, फुकट केलेल्या सॅम्पलचे पण, तेव्हा खरा रेट कळतो, आणि तो बऱ्याच जणांनी कधी काढलेलाच नसतो.

साहेबांच्या बाजूचा आकडाही प्रामाणिकपणे वाचायला हवा, नाहीतर समोरचा पहिल्याच मिनिटाला आपल्याला खोटं पाडतो. पगार, कमिशन किंवा बोनस, आणि शेअर्स किंवा ऑप्शन्स अशी फोड करा. ऑप्शन्स म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घ्यायचा हक्क, त्यांचा आकडा हा ते दिले त्या दिवशीचा अंदाज असतो, हातात आलेली रक्कम नसते. हॉलिवूडमधलं उदाहरण घ्या, तेव्हा डिस्कव्हरीचे आणि पुढे वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीचे प्रमुख झालेले डेव्हिड झास्लाव यांचा 2021 चा मोबदला 24 कोटी 66 लाख डॉलर म्हणून जगभर गाजला, पण त्यातले 20 कोटींच्या वर ऑप्शन्स होते आणि नंतर वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीचा शेअर एवढा पडला की ते बराच काळ कागदावरच राहिले. तरी 2024 मध्ये त्यांचा मोबदला सुमारे 5 कोटी 19 लाख डॉलर होता, आणि जून 2025 मध्ये त्या पॅकेजच्या विरोधात शेअरहोल्डरांची बहुमताने मतं पडली, जरी तिथलं हे मतदान कंपनीवर बंधनकारक नसतं. अमेरिकन कंपन्यांचं हे सगळं प्रॉक्सी स्टेटमेंट नावाच्या कागदात असतं, तिथल्या शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या एसईसीच्या साइटवर फुकट, आणि सीईओची पटही त्यात असते.

मग शोधा बोनस कशाशी बांधलाय. नफा, शेअरचा भाव, कर्ज फेडणं, कॅश फ्लो, काय ते. इथेच न्याय-अन्याय ठरतो असं माझं ठाम मत आहे. 2023 मध्ये अमेरिकेतले सिनेमा-टीव्हीचे लेखक 2 मे ते 27 सप्टेंबर, 148 दिवस संपावर होते, आणि त्या काळात वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीने स्वतःच सांगितलं की एका तिमाहीत संपामुळे वाचलेले 10 कोटी डॉलरच्या आसपास त्यांच्या फ्री कॅश फ्लोमध्ये, म्हणजे सगळा खर्च भागवून हातात उरलेल्या रोख पैशात, आले. शूटिंग नाही म्हणजे खर्च नाही. फ्री कॅश फ्लोवर बोनस बांधला तर लिहिणाऱ्याला पैसे न देणं हीच साहेबांची कामगिरी ठरू शकते, आणि असलं माप चुकीचं आहे, मग रक्कम कितीही लहान असो.

अजून एक गणित करून बघाच, कारण ते डोळे उघडतं. समजा साहेबांच्या 12 कोटींपैकी बोनस 5 कोटी आणि कंपनीसाठी वर्षभरात 1,000 फ्रीलान्सर राबतात. सगळा बोनस वाटला तरी माणशी 50,000. वाईट नाही, पण त्याने आयुष्य बदलत नाही. खरा फरक असा की साहेब वाट्यावर आहेत आणि आपण रोजंदारीवर. काम हिट झालं, पुन्हा पुन्हा दाखवलं, ओटीटीला विकलं, दुसऱ्या भाषेत रिमेक झालं, तर त्यांचा मोबदला वाढतो आणि आपल्याला एकदा दिलेल्या चेकवर सगळे हक्क लिहून घेतलेले असतात. अमेरिकन लेखकांनी संपात हेच धरून ठेवलं, त्यांच्या युनियनच्या माहितीप्रमाणे टीव्ही सिरीजचे जवळपास निम्मे लेखक किमान रेटवर काम करत होते, आणि शेवटी करारात असं आलं की स्ट्रीमिंगवरची सिरीज पहिल्या 90 दिवसांत अमेरिकेतल्या 20 टक्के सबस्क्रायबरांनी बघितली तर लेखकाला ठरलेल्या रेसिड्यूअलच्या, म्हणजे काम पुन्हा दाखवल्याबद्दल मिळणाऱ्या पैशाच्या, वर 50 टक्के बोनस. लेखकाला बोनस! तो मागता येतो आणि मिळतो. आपल्याकडे 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांना सिनेमागृहाबाहेरच्या वापरावर रॉयल्टीचा समान वाटा सोडून देताच येत नाही, त्यामुळे मागणी परकी अजिबात नाही. पुढचं काँट्रॅक्ट येईल तेव्हा रेटसोबत डब, रिमेक आणि दुसऱ्या प्लॅटफॉर्मला विक्री यावर टक्का मागा, निदान ओळ लिहून पाठवा, आणि पटकथा-संवाद लिहीत असाल तर सही करण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनच्या लीगल ऑफिसरला दाखवा, मेंबर असाल तर ती सोय आहे.

अडकलेल्या बिलांसाठीसुद्धा हाच रिपोर्ट कामाचा. त्याच्या शेवटाकडे हिशोबाच्या नोट्समध्ये ट्रेड पेएबल्सचा, म्हणजे कंपनीने द्यायच्या बाकी बिलांचा, तक्ता असतो, त्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे किती पैसे किती काळ थकलेत ते वेगळं दाखवावं लागतं. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, काढून ठेवलंत तर 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या वर पैसे थांबवता येत नाहीत, थांबवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज चक्रवाढीने. रजिस्ट्रेशन काम घेण्याआधी असलेलं बरं, आणि नंबर प्रत्येक इनव्हॉइसवर टाका. तक्रार केली तर पुढचं काम जाईल ही भीती खरी आहे, तरी इनव्हॉइसवरच्या त्या एका ओळीनेही अकाउंट्सवाले बिल वर घेतात.

प्रॉडक्शन हाऊस लिस्टेड नसेल तर त्यांना पट छापायची सक्ती नाही, तिथे फार तर कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडी फी भरून ताळेबंद बघता येतो.

आणि लिस्टेड असेल तर एक शेअर घ्या, एकच पुरतो. एमडीचं, म्हणजे साहेबांचं, पॅकेज ठराविक मर्यादेपलीकडे गेलं, उदाहरणार्थ एका एमडीला नफ्याच्या 5 टक्क्यांवर द्यायचं असेल, तर कंपनीला स्पेशल रिझोल्यूशन लागतं, म्हणजे पडलेल्यापैकी 75 टक्के मतं. 2021 मध्ये आयशर मोटर्सला एमडी सिद्धार्थ लाल यांच्या ठरावावर तेवढी मतं मिळाली नाहीत, पॅकेज कमी करून परत मतदान घ्यावं लागलं. आपल्या एका मताने निकाल फिरत नाही, पण एजीएममध्ये, म्हणजे शेअरहोल्डरांच्या वार्षिक सभेत, प्रश्न विचारायचा हक्क मिळतो. नोटीस आली की स्पीकर म्हणून नाव नोंदवायची शेवटची तारीख बघा, ती मीटिंगच्या काही दिवस आधीच संपते, आणि प्रश्न लेखी पाठवा, छोटा आणि आकड्याचा: "यंदा कंटेंटवर झालेल्या खर्चातला किती टक्के भाग लेखक, एडिटर आणि तंत्रज्ञांपर्यंत पोचला, त्यांचे पैसे सरासरी किती दिवसांनी दिले गेले, आणि एमडींच्या बोनसच्या निकषांमध्ये हे धरलं जातं का?"